घाटमाथ्यावरचा नारळ

आमच्या घरात नवराबायकोची भांडणं फारशी झाली नाहीत. भांडणं व्हायची ती भावाबहिणीची, आणि तीही टायरवरून. माझे यजमान धनाजी भोगम ट्रक चालवायचे आणि त्यांची धाकटी बहीण कादंबरी पुण्यात एका कंपनीत चाकांवर संशोधन करायची. ती सुट्टीला शिरोलीला आली की ताटावर बसल्या बसल्या दोघांचं सुरू व्हायचं. हे म्हणायचे, टायरात हवा जरा कमीच असावी, गाडी रस्ता धरते. ती म्हणायची, दादा, तू निम्मं डिझेल रबर मळण्यात घालवतोस. मी भाकऱ्या थापत असायचे. दोघांच्या मध्ये मी एकदाच तोंड घालायचे, ते आमटी निवत चालली हे सांगायला.

कादंबरी हे नाव माझ्या सासऱ्यांनी हौसेने ठेवलं होतं. पोरीने उभ्या जन्मात एक कादंबरी वाचली नाही. आम्ही तिला कादू म्हणायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दुसरीत होती आणि सासूबाई त्याच वर्षी गेल्या. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, दहावीला तिच्या उशाशी मी बसले. आम्हाला मूल झालं नाही. लोक हळहळायचे, पण कादू घरात असताना मला त्याची खंत करायला कधी सवड झाली नाही.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझी खानावळ आहे. हायवेला लागूनच, त्यामुळे जेवायला येणारे निम्मे ट्रकवाले असतात. कुठल्या घाटात दरड आली, कुठल्या पंपावर रांग आहे, हे वर्तमानपत्राच्या आधी माझ्या चुलीपाशी कळतं.

डिझेलचा कोटा लागू झाला ते तर आठवडाभर आधी कळलं होतं. तोवर नव्या गाड्या विजेवर पळायला लागल्या होत्या, पण साखरेची पोती भरून कोकणातल्या बंदरापर्यंत घाट उतरणाऱ्या जड गाड्यांना अजून दुसरी सोय नव्हती. सरकारने नियम काढला की ज्या गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला पाचाच्या खाली, ती गाडी भंगारात. यांची गाडी रडतखडत चार देत होती. त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. गाडी गेली की आपण गेलोच म्हणायचं, एवढंच बोलले आणि अंगणात जाऊन गाडीकडे बघत बसले.

त्या सुट्टीत कादूने चाकाची गोष्ट काढली.

तिने मांडणीवरची दोन झाकणं घेतली, एक डब्याचं आणि एक मोठ्या पातेल्याचं, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर दोन्ही गडगडत सोडली. डब्याचं झाकण गरागरा फिरत उंबऱ्यापाशी आडवं झालं. पातेल्याचं झाकण निवांत, मोजके फेरे घेत थेट पडवीत गेलं. मला म्हणाली, वैनी, ट्रकचं डिझेल कुठं जातं माहितेय? चाक फिरताना जमिनीला टेकलेलं रबर दबतं, पुढं सरकलं की परत फुगतं. दर फेऱ्याला ही दाबादाबी. त्यात रबर तापतं, आणि तो ताप म्हणजे फुकट गेलेलं डिझेल. चाक मोठं असलं तर रबर कमी वाकतं, तेवढ्याच वाटेला फेरे कमी पडतात आणि इंजिनही सावकाश फिरतं.

मी विचारलं, मग लावा की सगळ्यांना मोठी चाकं. यावर हे हसले आणि या वेळी भाऊबहीण एका बाजूला झाले. मोठं चाक जड, ते जागचं हलवायला जोर लागतो. शिवाय चाक वाढलं की प्रत्येक गिअर आपोआप एक पायरी वर चढल्यासारखा होतो. सपाटीला ते फायद्याचं, पण घाटात घात. चढाला इंजिनाचा दम निघतो. उताराला तर विचारू नका. उतारावर भरलेली गाडी ब्रेकवर धरायची नसते, ती खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनाने मागे ओढून धरायची असते. चाक मोठं असेल तर दुसऱ्या गिअरमधली गाडी तिसऱ्यात असल्यासारखी सुटते आणि इंजिनाच्या हातात राहत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडे म्हणतातच, चढाला जो गिअर, उताराला तोच गिअर.

कादूचं चाक दोन्ही होतं. त्याचे आरे एका खास धातूच्या तारांनी विणलेले होते. या धातूला आकार शिकवता येतो. तापला की एक आकार घेतो, निवला की दुसरा. सपाटीवर गाडी पळत राहिली की रबर तापायचं, त्या तापाने तारा ताणल्या जायच्या आणि चाक वीतभर उंच व्हायचं. म्हणजे जो ताप आजवर वाया जात होता, त्यालाच तिने कामाला लावलं होतं. घाट आला की ड्रायव्हरने बटण दाबायचं. चाकाच्या पोटातल्या फटी उघडायच्या, वारा आत शिरायचा, तारा निवायच्या आणि चाक खाली बसायचं. मी त्याला उभं चाक आणि बसकं चाक म्हणायचे. पुढे कंपनीतले लोकही तसंच म्हणायला लागले, याचा मला उगीच अभिमान होता.

पहिला संच यांच्याच गाडीला लागला. कादूने कंपनीत हट्ट धरला की चाचणी खऱ्या रस्त्यावर, खऱ्या भाराने आणि खऱ्या ड्रायव्हरकडून व्हायला हवी. हे लोखंडी टॉमी घेऊन रोज सकाळी टायर ठोकून बघायचे, आवाजावरून हवा ओळखायचे. नवीन चाकाला ठोकलं तर नुसता धप्प आवाज यायचा. चार दिवस हे मुक्याशी संसार मांडल्यासारखे हिरमुसले होते. मग पहिल्या खेपेचं अ‍ॅव्हरेज आलं, लिटरला सहा. त्यानंतर टॉमी सीटखाली गेली आणि यांच्या तोंडी बहिणीशिवाय दुसरा विषय राहिला नाही. खानावळीत जेवणाऱ्या प्रत्येकाला हे अंगणात नेऊन चाक दाखवायचे.

यांचा रस्ता सातविणीच्या घाटाचा. घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेला म्हसोबाचं ठाणं आहे, शेंदूर फासलेला एक दगड, वर पत्रा, शेजारी चहाची टपरी. घाट उतरायच्या आधी तिथे गाडी लावायची, नारळ फोडायचा, अर्धा म्हसोबाला ठेवायचा, अर्धा घरी न्यायचा, टपरीवर एक चहा घ्यायचा आणि मग खाली उतरायचं. त्या रस्त्यावर ही रीत गिअर टाकण्याइतकी ठरलेली होती. इतकी ठरलेली की तिला कोणी थांबणं म्हणतच नव्हतं. वाटेत कुठं थांबलात का, असं विचारलं तर ड्रायव्हर सांगायचा, कुठंच नाही, थेट आलो. त्यात खोटं बोलल्यासारखं कोणालाच वाटायचं नाही. लग्नानंतर मी बाजारातून कधी ओला नारळ आणला नाही. दर खेपेला अर्धी वाटी यायचीच, आणि माझ्या खानावळीची ओल्या खोबऱ्याची चटणी त्यावरच नावाजली होती.

चाचणीची शेवटची खेप चैत्रात होती. बंदरावर कंपनीची मोठी मंडळी येणार होती, हजारो गाड्यांना चाक लावायचा करार त्या आकड्यावर ठरणार होता. कादू आदल्या दिवसापासून तिकडेच होती. दुपारी घाटाच्या अलीकडून यांचा फोन आला. मी भाजी फोडणीला टाकत होते.

"वैजू, आज म्हसोबाला थांबत न्हाई," हे म्हणाले. "भरलेली गाडी थांबवून परत हलवायची म्हंजे डिझेल जातं. कादूचा आकडा सातावर न्यायचा हाय मला. येताना दोन नारळ देतो त्याला."

मी म्हणाले, देवाचं तुम्ही बघा, पण मला उद्या चटणीला खोबरं लागतंय त्याचं काय?

"एक दिवस शेंगदाण्याची कर की," म्हणाले आणि हसले. यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं शेंगदाण्याच्या चटणीवर झालं.

गाडी घाटाच्या चौथ्या वळणावर डोंगराच्या अंगाला आदळली. दुसऱ्या अंगाला दरी होती. यांनी स्वतः होऊन डोंगराकडे घातली असणार, असं मागून येणारे सांगत होते. पोती फुटून साखर रस्त्यावरून खालच्या ओढ्यात गेली. आम्ही पोचलो तेव्हा लोक लांब उभे होते आणि रस्ता पायाला चिकटत होता. पुढचं मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

दहाव्याच्या आधीच अहवाल आला. जुन्या गाडीत कुठला गिअर टाकला होता याची नोंद राहत नाही, म्हणून तज्ज्ञांनी उलटा हिशोब मांडला होता. इंजिनाचे फेरे माहीत होते, गाडीचा वेग माहीत होता आणि चाक बसकं होतं, कारण बटण दाबल्याची नोंद होती. या तिन्हींचं गणित तिसऱ्या गिअरशी जुळलं. किंचित फरक राहत होता, तो टायरच्या झिजेत धरून सोडून दिला. निष्कर्ष असा, की चालकाने इंधन वाचवण्याच्या नादात उतारावर वरचा गिअर वापरला आणि ब्रेक तापून निकामी झाले.

सत्तावीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला याहून वाईट शिवी नाही. माझ्याच खानावळीत, माझ्याच पाठीमागे लोक हळू आवाजात बोलायचे, धनाजीनं तिसऱ्यात उतरवली म्हणे. मी ताट घेऊन गेले की गप्प व्हायचे. मला त्यांचा राग येत नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आकडा सातावर न्यायचा आहे, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्या नादात एखादा गिअर वर टाकला असेलही. पण असा विचार मनात आला की मला माझीच लाज वाटायची, आणि झोप लागायची नाही.

कादूने तर अहवाल वाचून तोंड मिटलं होतं. एकदाच तिने मला विचारलं, दादानं असं का केलं असेल गं वैनी? मी म्हणाले, तुझ्यासाठी. हे बोलायला नको होतं, पण मला त्या दिवसांत कोणाला तरी टोचायचं होतं आणि जवळ तीच होती.

बाराव्याला पाहुणे जमले. यांची सरूआत्या गारगोटीहून आली होती. म्हातारी फटकळ, पण भाच्यावर जीव. जेवणं झाल्यावर बायका बसल्या होत्या तिथे तिने विषय काढला की धनाजी त्या दिवशी म्हसोबाला थांबला नाही म्हणे. मी होय म्हणाले. आत्या म्हणाली, मग दुसरं काय, देव कोपला.

कादू फाडकन बोलली. आत्या, दगड कोपत नसतो, माझ्या भावाच्या मरणाचा तमाशा करू नका. सगळ्या बायका चपापल्या. आत्याने पदर तोंडाला लावला. मी कादूला आत चल म्हणून दंडाला धरलं, तर ती जागची हलेना. तिचा चेहरा एकदम उतरला होता.

"वैनी," ती म्हणाली, "त्या दिवशी थांबला न्हाई. म्हंजे बाकीच्या दिवशी थांबायचा?"

मला तिचा प्रश्नच कळेना. म्हणाले, अगं, प्रत्येक खेपेला. नारळ कुठनं यायचा घरात?

चाचणीच्या खेपांनंतर तिने यांना दर वेळी विचारलं होतं, दादा, वाटेत थांबलास का? आणि यांनी दर वेळी सांगितलं होतं, न्हाई, थेट आलो. म्हसोबाचा नारळ घरी येतो हे ती लहानपणापासून बघत होती, पण त्यासाठी गाडी उभी राहत असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिच्या संगणकाला गाडी उभी असल्याचं कळत होतं, पण अ‍ॅव्हरेज काढताना उभ्या गाडीचा वेळ धरत नाहीत. तो वेळ आपोआप गाळला जायचा. त्यामुळे तिच्या पडद्यावर चाक या क्षणी उभं दिसायचं आणि पुढच्या क्षणी बसकं. तिला वाटलं होतं, चाक क्षणात बसतं. प्रयोगशाळेत, गार हवेत, हलक्या भाराला बसतही होतं. पण चैत्राच्या उन्हात सपाटीवरून तापून आलेलं, भरल्या गाडीखाली दबलेलं चाक बसायला एक नारळ फोडून चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा. तो वेळ यांनी दर खेपेला दिला होता, देवासाठी. चाकाला तो वेळ लागतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या घरात त्याचा पुरावा दर खेपेला अर्ध्या वाटीच्या रूपाने येत होता आणि आम्ही त्याची चटणी करून खात होतो. कादू तर भाकरीबरोबर दोनदा मागून घ्यायची.

ती त्याच दुपारी पुण्याला गेली. परत आली तेव्हा आंबे संपत आले होते. खूप वाळली होती. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं. तशीच चाकं लावलेली भरली गाडी तिने सातविणीच्या घाटमाथ्यापर्यंत नेऊन बघितली होती. बटण दाबल्यावर ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर बसक्या चाकाचं चित्र लगेच यायचं, आणि गाडीखाली चाक तसंच उभं असायचं. अहवालातलं गणित तिने उभं चाक धरून पुन्हा केलं. ते दुसऱ्या गिअरशी जुळलं, अगदी तंतोतंत, झिजेचं निमित्त न सांगता. नव्या टायरला एवढी झीज कुठली, हे कोणीच विचारलं नव्हतं.

म्हणजे हे दुसऱ्यातच होते, सगळा घाट. जो गिअर चढाला, तोच उताराला. इतके दिवस ज्या माणसावर मी मनातल्या मनात शंका घेत होते, त्याच्यापुढे आता मान खाली घालायलाही तो नव्हता.

कादूचं बोलणं संपलं नव्हतं. तिने हे कंपनीतल्या साहेबांना दाखवलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हता, ती म्हणाली. त्याने त्याच दिवशी आदेश काढला की चाक खरंच बसल्याशिवाय गाडी घाटात उतरणार नाही, अशी व्यवस्था सगळ्या चाकांत करायची. पुढे कोणी मरणार नव्हतं. फक्त जुना अहवाल उकरायचा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तो उकरला तर करार मोडेल, चाक बदनाम होईल, कादूची दहा वर्षं मातीत जातील. आणि गेलेल्या माणसाला आता त्याने काय फरक पडतो?

"तू सांगशील तसं करते वैनी," ती म्हणाली.

मला भयंकर राग आला. सांगायचं ते तिने सांगून टाकायचं होतं, माझ्या पदरात कशाला घातलं? तिचं चाक बुडवू की नवऱ्याचं नाव बुडवू, हे मी ठरवायचं? जिला मी भरवून मोठी केली तिच्या ताटात माती मी कालवायची? पण राग आला म्हणून उत्तर बदललं नाही.

"त्यांचं नाव धुऊन आण," मी म्हणाले. "तोवर ह्या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

ती उठली आणि गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे ती रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खानावळ माणसांनी भरली असताना, कादू दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मला वाटलं, काही राहिलं असेल. तिने आत बसलेल्यांना मोठ्याने रामराम घातला. निम्मे लोक तिला लहानपणापासून ओळखत होते.

"मी धनाजी भोगमांची बहीण," ती म्हणाली. "माझ्या दादानं गाडी दुसऱ्यातच उतरवली होती. चाक बसलं न्हाई. ते चाक मी केलं होतं, आणि ते बसायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी हाय. उद्या हे मी सरकारात लिहून देणार हाय, पण आधी तुम्हाला सांगायचं होतं."

कोपऱ्यात रसूलचाचा मुल्ला बसले होते, यांच्याही आधीपासून त्या रस्त्यावर गाडी घालणारे. ते उष्ट्या हाताने तसेच उठले, दारापर्यंत गेले आणि डावा हात तिच्या डोक्यावर ठेवून उभे राहिले. मी आत चुलीपाशी उभी होते. तिला आत ये म्हणावं असं फार वाटलं. उंबरा ओलांडू नको असं मीच म्हणाले होते, आणि ते शब्द मागे घ्यायला माझी जीभ उचलली नाही. ती तशीच वळून गेली.

पुढचं सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. अहवाल बदलला, यांच्या नावापुढची ओळ गेली. करार लांबला, कादूला कंपनीतून जावं लागलं. भावाचा जीव घेणारी बहीण, असं कोणी कोणी तोंडाला येईल ते लिहिलं. चाक मात्र बुडालं नाही. वर्षभराने दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने ते बाजारात आलं आणि हजारो गाड्या भंगारापासून वाचल्या. कादू सांगलीजवळच्या एका कॉलेजात शिकवायला लागली होती, असं कानावर यायचं. तिने फोन केला नाही. मीही केला नाही. जे मागितलं ते मला मिळालं होतं. खानावळीत लोक आता यांचं नाव पूर्वीसारखं घ्यायचे, आणि ते ऐकताना दरवेळी मला उंबऱ्याबाहेर उभी असलेली ती पोर दिसायची.

आता कुठल्याही घाटमाथ्यावर ही चाकं लावलेली गाडी आपली आपण उभी राहते. पडद्यावर अक्षरं येतात, चाक बसेपर्यंत थांबा. पंजाबचा ड्रायव्हर असो, तमिळनाडूचा असो, देव मानणारा असो, नसो, त्याला थांबावंच लागतं. सातविणीच्या घाटात थांबलं की करायचं काय? समोर म्हसोबा, शेजारी टपरी. मग माणसं नारळ फोडतात. टपरीवाल्याने नारळांची रास लावली आहे. आणि अर्धी वाटी घेऊन ती माणसं परतताना माझ्याकडे जेवायला येतात. रसूलचाचांनी कोणाकोणाला सांगून ठेवलंय कोण जाणे, पण प्रत्येक जण ती वाटी माझ्या ओट्यावर ठेवतो आणि काही न बोलता हात धुवायला जातो.

पहिल्या दिवशी तीन वाट्या आल्या. मी त्या बघत बसले आणि त्या दिवशी चटणी केली नाही. मग रोज यायला लागल्या, टोपली भरायला लागली. यांच्यामागे बरेच दिवस मी शेंगदाण्याचीच चटणी करत होते. एका सकाळी टोपलीतलं खोबरं वास मारायला लागलं तेव्हा मी फोन उचलला.

कादूने पलीकडून नुसतं हं केलं.

"खोबरं फार झालंय," मी म्हणाले. "एकटीनं खवून होत न्हाई. ये."

ती संध्याकाळच्या गाडीने आली. दारात येऊन थबकली. मी पुढे होऊन तिची पिशवी घेतली, म्हणजे तिला आत येणं भागच पडलं. आम्ही दोघी ओट्यापाशी बसलो, तिने खवणी घेतली, मी मिरच्या आणि लसूण काढला. तिला मी मनातून माफ केलं होतं का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. यांचा फोटो समोरच होता, दोघींनीही तिकडे बघायचं टाळलं.

मग मी ताट वाढलं. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, कांदा. चटणीचं भांडं मी मुद्दाम लांब सरकवून ठेवलं होतं. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून बसली.

"वैनी, चटणी?"

मी वाढली. तिने एक घास खाल्ला, मग दुसरा. तोंड भरलेलं असताना तिला रडू फुटलं. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, आणि पूर्वीसारखीच पुन्हा एकदा चटणी मागून घेतली.